‘तुमची सायकल कोणती?’ : आपली सायकल दाखवताना, सांगताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकल चालवणारी मंडळी आपापल्या सायकलींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढे ते हळूहळू किचकट होत जातात. एक गोष्ट मात्र बहुतेक उत्तरांत येईल: सायकलीबद्दलचा आकडा एकटा सांगून भागत नाही. तो कशाचा, कसा मोजला आणि चालवणारा कोण, हे सोबत आलं तरच तो समोरच्याच्या कामाचा.

१. ‘तुमची सायकल कोणती?’ असं कुणी विचारलं तर नेमकं काय काय सांगायचं?

बहुतेक जण कंपनी आणि मॉडेल सांगून थांबतात. पण एकाच नावाच्या मॉडेलचे गिअर पुढच्या वर्षी बदललेले असतात, कधी फ्रेमसुद्धा नवी असते. म्हणून साल सांगा. मग फ्रेम कशाची, माप किती, पुढे-मागे गिअरचे दाते किती, टायर केवढा रुंद, ब्रेक कोणते आणि घेतल्यापासून काय काय बदललं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती तुम्ही कशासाठी वापरता.

एक नमुना: ‘स्टीलची टूरिंग, माप ५६. पुढे ४८-३६-२६, मागे ११-३४. टायर ७०० बाय ३५. मागे कॅरियर आणि दोन पिशव्या, सामान लादून चढ चढावे लागतात. सीट आणि पायडल बदललंय, बाकी सगळं मूळचं.’ एवढं वाचलं की पुढे २६ दात्यांची चकती कशाला, असं कुणी विचारत नाही. सामान आणि चढ हे दोन शब्द बाकीचे आकडे समजावून सांगतात.

२. माझी सायकल साधी आहे, गिअरसुद्धा नाहीत. ती काय सांगायची?

जरूर सांगा. सळईचे ब्रेक, कॉटर पिनचा (खिळीने बसवलेला) क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आणि मोठी चाकं असलेली उभ्या बैठकीची सायकल ही अतिशय विचारपूर्वक केलेली रचना आहे. पुढचं चाक धरणारा चिमटा जास्त तिरका आणि दोन चाकांमधलं अंतर लांब असल्यामुळे खराब रस्त्यावर ती शांत चालते, ओझं घेऊनही डगमगत नाही.

तुमच्या सायकलीचा एक आकडा मात्र काढून ठेवा. पुढचे दाते आणि मागचे दाते मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर भागाकार २.४४ येतो. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरला, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. हे सांगितलंत की वीस गिअरवाल्यालाही कळतं, चढावर तुमच्या पायांना काय काम पडत असेल ते. हिशेबाची रीत प्रश्न ५ मध्ये आहे.

३. फ्रेम स्टीलची, अॅल्युमिनियमची की कार्बनची, हे कसं ओळखायचं? रंगामुळे काही कळत नाही.

लोहचुंबक लावा. चिकटला तर स्टील. नाही चिकटला तर बोटाच्या नखाने नळीवर टिचकी मारा: कार्बनचा आवाज बोदा येतो, धातूचा खणखणीत. अॅल्युमिनियमच्या नळ्या सहसा जाड असतात आणि सांध्यावर वेल्डिंगचे खवले दिसतात. काही कंपन्या मात्र सांधे घासून गुळगुळीत करतात, त्यामुळे खवले नाहीत म्हणजे कार्बन असं समजू नका. टायटॅनियम बहुतेकदा बिनरंगाचं, राखाडी असतं. चुंबक त्यालाही चिकटत नाही.

चिमटा वेगळा तपासा. अॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा चिमटा, किंवा अॅल्युमिनियमची फ्रेम आणि स्टीलचा चिमटा, अशा जोड्या सर्रास असतात. ‘माझी कार्बनची सायकल’ म्हणताना पूर्ण फ्रेम की नुसता चिमटा, हे स्पष्ट सांगा.

४. माझं माप ५४, मित्राचंही ५४. तरी त्याची सायकल मला लांब का वाटते?

५४ हा आकडा मूळचा सीटखालच्या नळीच्या लांबीचा, सेंटिमीटरमध्ये. ही नळी कुणी क्रँकच्या मध्यापासून वरच्या टोकापर्यंत मोजतं, कुणी वरच्या आडव्या नळीच्या मध्यापर्यंत. शिवाय आता आडवी नळी मागे उतरती असते, त्यामुळे सीटची नळी तशीही आखूड झाली. बऱ्याच कंपन्यांचं ५४ हे आज मापापेक्षा लेबल जास्त आहे.

तुलनेसाठी दोन मापं घ्या: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. कंपनीच्या तक्त्यात दोन्ही मिळतात.

यात एक मेख आहे. दोन फ्रेमचे रीच ताडून पाहायचे तर स्टॅक सारखा हवा. हँडलची नळी मागे कललेली असते, त्यामुळे हँडलखाली १० मिलिमीटरच्या चकत्या घातल्या की हँडल साधारण ३ मिलिमीटर मागे येतं. म्हणजे कमी स्टॅकच्या फ्रेमवर ३० मिलिमीटरच्या चकत्या घालून उंची गाठली, तर तिचा खरा रीच तक्त्यापेक्षा ९ मिलिमीटरने कमी झाला. ‘मला हीच फ्रेम बसते’ असं सांगणाऱ्याला खाली चकत्या किती आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) केवढा, हे विचारल्याशिवाय त्याचं माप उचलू नका. सीटच्या उंचीचं प्रश्न १५ मध्ये पाहा.

५. ‘पन्नास-चौतीस, अकरा-अठ्ठावीस’ असं लोक बोलतात ते काय असतं?

पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दाते, मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे चकत्यांच्या जुडग्यात, सगळ्यांत लहान ११ आणि सगळ्यांत मोठी २८ दात्यांची. पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक किती फिरतं ते. त्याला चाकाच्या घेराने गुणलं की सायकल किती मीटर पुढे गेली ते कळतं. ७०० बाय २५ च्या टायरचा घेर साधारण २.१ मीटर.

सगळ्यांत हलका गिअर ३४ भागिले २८, म्हणजे १.२१. एका फेरीत सुमारे २.५५ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ९ किलोमीटरच्या थोडं वर. चढ इतका खडा असेल की हा वेगही टिकत नाही, तर फेऱ्या मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे ३४ दात्यांची चकती असलेली कॅसेट घातली तर गुणोत्तर १ होतं, आणि त्याच ६० फेऱ्यांना वेग साडेसातच्या आसपास. सपाटीवर काही बदलत नाही, पण घाटात माणूस उतरून ढकलतो की बसून चढतो, हे यावर ठरतं.

‘चढाला ही सायकल कशी आहे?’ असं कुणी विचारलं, तर ‘मस्त’ म्हणण्याऐवजी सगळ्यांत हलका गिअर सांगा. उत्तर त्यातच आलं. मात्र कॅसेट वाढवण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दात्यांपर्यंत चालतो ते पाहावं लागतं. त्याची मर्यादा प्रत्येक मॉडेलला वेगळी असते.

६. माझी २१ गिअरची, त्याची ११ स्पीडची. मग माझी जास्त भारी ना?

मोजणीच वेगळी आहे. २१ म्हणजे पुढे ३ गुणिले मागे ७. ११ स्पीड म्हणजे फक्त मागच्या चकत्या. शिवाय २१ मधले बरेच गिअर एकमेकांची नक्कल असतात. पुढे ४८-३८-२८ आणि मागे १४ ते २८ असेल, तर ४८ भागिले २४ आणि २८ भागिले १४, दोन्हीचं उत्तर २. किती गिअर आहेत यापेक्षा सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत जड कोणता, आणि मधल्या पायऱ्या किती जवळ आहेत, हे सांगा.

७. ग्रुपसेट कोणता विचारतात, पण माझ्या सायकलीवर तर तीन नावं दिसतात.

तसंच असतं. ग्रुपसेट म्हणजे गिअर, क्रँक, चेन, ब्रेक यांचा संच. मागचा डिरेलर नजरेत भरतो, म्हणून कंपन्या तिथे वरच्या पायरीचा भाग लावतात आणि क्रँक, चेन, ब्रेक खालच्या पायरीचे. शिमॅनोच्या रोड सायकलींच्या पायऱ्या बरीच वर्षं खालून वर अशा राहिल्या: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. डोंगरी सायकलींत टूर्नी, आल्टस, एसेरा, अलिव्हियो, डिओर, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. स्रॅमच्या रोडच्या पायऱ्या अॅपेक्स, रायव्हल, फोर्स, रेड.

‘डिरेलर डिओर, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) अलिव्हियो, क्रँक बिननावाचा’ असं भागवार सांगा. नुसतं ‘डिओर’ म्हटलंत तर ऐकणारा सगळंच डिओर समजतो, आणि तुमच्या अनुभवावरून भलताच निष्कर्ष काढतो. मला विचाराल तर गिअर पडताना जाणवणारा फरक बऱ्याचदा नावापेक्षा केबल किती जुनी आहे यामुळे पडतो.

८. टायरवर दोन-तीन वेगवेगळी मापं छापलेली आहेत. खरं कोणतं सांगू?

‘३७-६२२’ अशा घाटाचं जे असेल ते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायर रिमवर चढेल की नाही हे दुसरा आकडा ठरवतो.

इंचांच्या मापाने भल्याभल्यांची फसगत होते. ‘२६ इंची’ टायर म्हणजे ५५९ असू शकतो, जो डोंगरी सायकलींना असायचा. २६ बाय १ ३/८ असेल तर ५९०. जुन्या फ्रेंच पद्धतीचा ५८४. काही ट्रायथलॉन सायकलींना ५७१. चारही २६ इंची म्हणून ओळखले जातात आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २० इंची घडीच्या सायकलींतही ४०६ आणि ४५१ असे दोन प्रकार. उलट बाजूने पाहिलं तर ७०० सी आणि २९ इंची ही नावं वेगळी, रिम एकच: ६२२. साडेसत्तावीस इंची आणि ६५० बी हेही एकच, ५८४. प्रश्न २ मधल्या उभ्या सायकलीचं २८ बाय १ १/२ हे माप म्हणजे ६३५, त्यामुळे ७०० सी चा टायर तिथे चालत नाही.

‘तुझ्याकडचा जुना टायर मला दे’ असं ठरण्याआधी दोघांनी आपापल्या टायरची कड घासून पुसून हा आकडा वाचावा. टायरची कड मळकी असली की तो सहज दिसत नाही. ओलं फडकं फिरवा आणि उजेड तिरका पाडा.

९. तुम्ही हवा किती भरता?

हा प्रश्न सगळेच विचारतात, पण दुसऱ्याचा आकडा तसाच उचलू नये. हवा किती हवी हे टायरची रुंदी, चालवणाऱ्याचं वजन अधिक सामान आणि रस्ता यांवर ठरतं. सांगताना असं सांगा: ‘२८ चा टायर, मी ७० किलो, पुढे इतकी, मागे इतकी.’ मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे थोडी जास्त. एकक विसरू नका. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

एक अपवाद कडक आहे. रिमच्या आतल्या कडेला टायर अडकवणारा हूक नसेल, म्हणजे हूकलेस रिम असेल, तर मर्यादा ५ बार, सुमारे ७२ पीएसआय, आणि टायरही तशा रिमसाठी मान्य असलेलाच हवा. रिम किंवा टायर बनवणाऱ्याने याहून कमी लिहिलं असेल तर ते पाळायचं. गटात कुणी ‘मी शंभर भरतो’ म्हणालं आणि ते ऐकून हूकलेस रिमवर शंभर भरले, तर टायर रिमवरून उडू शकतो.

१०. सायकलीचं वजन कसं सांगायचं? कंपनीचा आकडा आणि माझा जमत नाही.

कंपनीचा आकडा सहसा पायडल सोडून असतो, बऱ्याचदा एखाद्या ठरावीक मापाच्या फ्रेमचा आणि बाटलीचा पिंजरा, लाइट, पंप यांशिवाय. पायडलची जोडीच पाव किलो ते चारशे ग्रॅम भरते. भरलेली पाऊण लिटरची बाटली म्हणजे पाऊण किलो. तुमचं वजन दीड किलोने जास्त आलं तर काही बिघडलेलं नाही.

मोजायला अडकवायचा ताणकाटा उत्तम. घरच्या वजनकाट्यावर एकदा सायकल उचलून आणि एकदा रिकाम्या हाताने उभं राहून वजाबाकी केली तरी चालते, फक्त काटा शंभर ग्रॅमच्या पायरीने दाखवत असेल तर ‘८.४३७ किलो’ असं सांगू नका. ‘पायडल, दोन पिंजरे आणि मागच्या लाइटसकट १०.२’ ही सांगण्याची चांगली रीत.

शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, यूसीआयने, २००० सालापासून किमान वजन ६.८ किलो ठरवलेलं आहे, म्हणून हा आकडा सतत कानावर पडतो. तो फक्त शर्यतीच्या सायकलींना लागू. तुमच्या माझ्या सायकलीला त्याचं बंधन नाही. आणि हलकी सायकल ही काही आजची करामत नव्हे: एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, ती स्टीलची ट्रॅक सायकल ६ किलोहूनही हलकी होती.

११. इलेक्ट्रिक सायकल एका चार्जवर किती जाते, हे कसं सांगायचं?

किलोमीटरच्या आधी बॅटरीचे वॉट-तास सांगा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास; ३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-तास असेल तर ५०४. मग मदतीची कोणती पातळी, रस्ता सपाट की चढाचा, चालवणाऱ्याचं वजन, आणि शेवटी किलोमीटर. मोटर चाकात आहे की क्रँकपाशी, हेही सांगा. क्रँकपाशी असेल तर मोटरला सायकलीच्या गिअरचा फायदा मिळतो, त्यामुळे चढावरचा अनुभव वेगळा येतो.

१२. सायकलीचा फोटो कसा काढावा?

उजव्या बाजूने, कारण चेन आणि गिअर तिकडे. चेन पुढे मोठ्या चकतीवर आणि मागे लहान चकत्यांपैकी एकीवर ठेवा, म्हणजे डिरेलर आणि चेन नीट ताणलेले दिसतात. क्रँक आडवा किंवा मागच्या खालच्या नळीच्या रेषेत. दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह खाली, एकाच जागी. कॅमेरा आडव्या नळीच्या उंचीला आणा आणि चार पावलं मागे जाऊन झूम करा. जवळून काढलात तर पुढचं चाक मोठं आणि लंबगोल येतं. मागे मोकळी भिंत असावी. झुडपासमोर काळी फ्रेम हरवून जाते.

पण सुबक फोटो एक, आणि उपयोगाचे तीन-चार. कॅसेट आणि डिरेलर मागून, हँडल बसणाऱ्याच्या नजरेतून, टायरवरचा आकडा आणि काही बदल केला असेल तर तो जवळून. चिखलाने माखलेली सायकल दाखवायला हरकत नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यात चिखल कुठे अडकला हे पाहून जागा किती आहे ते कळतं, जे धुतलेल्या सायकलीत कळत नाही.

१३. फोटोत किंवा बोलताना काय झाकून ठेवावं?

फ्रेमचा अनुक्रमांक. तो बहुतेकदा क्रँक बसतो त्या नळीच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून पावतीसोबत स्वतःजवळ जपा, चोरी झाली तर तक्रारीत तोच कामी येतो, पण चारचौघांत दाखवू नका. घराचं दार, फाटक, सायकल बांधायची जागा हेही फोटोत नको. चालवलेला मार्ग नकाशासकट पाठवत असाल तर सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा लपवण्याची सोय चालू करा. महागडी सायकल आणि ‘पुढचे आठ दिवस आम्ही बाहेरगावी’ या दोन गोष्टी एका निरोपात तर अजिबात नको.

१४. सायकलीतून ‘कट्... कट्’ असा आवाज येतो. कुणाला विचारायचं तर कसं सांगू?

आवाजाची नक्कल करण्यापेक्षा तो कधी येतो ते शोधा. पायडल थांबवून सायकल नुसती घरंगळू द्या. आवाज तरीही आला तर चाक, स्पोक, ब्रेक किंवा हब (चाकाचा मधला भाग). थांबला तर पायडलपासून चेनपर्यंत कुठेतरी. उभं राहून पायडल मारताना सीटवरून उठताच थांबला, तर सीट किंवा सीटपोस्ट (सीटची दांडी). उभं राहून हँडल ओढताना वाढला, तर स्टेम किंवा हँडलचा कप.

आता लय मोजा. क्रँकच्या दर फेरीला एकदा येत असेल तर पायडल, क्रँकचे बोल्ट, चकतीचे बोल्ट, खालचे बेअरिंग. चाकाच्या दर फेरीला येत असेल तर टायर, रिम किंवा स्पोक. सैल स्पोक बोटांनी जोडीजोडीने दाबून सापडतो, मग चाकाचा आउट (डगमग) काढून घ्यावा. क्रँकच्या दोन-सव्वादोन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनची एक कडी आखडलेली असते. हिशेब सोपा आहे: चेनच्या कड्या ११० आणि पुढे ५० दाते असतील, तर तीच कडी पुन्हा त्याच जागी यायला २.२ फेऱ्या लागतात. चेन हाताने उलटी फिरवत डिरेलरच्या लहान चकत्यांकडे बघा. आखडलेली कडी तिथून जाताना उडी मारते.

फ्रेम पोकळ नळ्यांची असल्यामुळे आवाज कुठून तरी भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. म्हणून कानापेक्षा वरच्या चाचण्यांवर भिस्त ठेवा आणि विचारताना त्यांचे निकाल सांगा.

१५. माझ्याच उंचीच्या मित्राची सीटची उंची मी वापरू का?

नको. उंची सारखी असली तरी पायांची लांबी वेगळी असते. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत तेवढं अंतर ठेवून सुरुवात करा. हा आरंभ आहे, पाच-पाच मिलिमीटरने वरखाली करून जमवायचं. क्रँक १७० चा की १७५ चा, यानेही फरक पडतो: क्रँक ५ मिलिमीटरने लांब असेल तर सीट तेवढीच खाली. बुटाचा तळ आणि पायडलची जाडी बदलली तरी उंची पुन्हा बघावी लागते.

१६. मित्र म्हणतो, ‘जरा चक्कर मारून बघू का?’ द्यायची का? आणि मी दुसऱ्याची घेतली तर काय पाहायचं?

द्यावी, दुसऱ्याची सायकल चालवल्याशिवाय आपल्या सायकलीबद्दल नीट बोलताच येत नाही. फक्त चार गोष्टी आधी बघा.

पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे विचारा आणि जागच्या जागी दाबून बघा. काही देशांत तो उजव्या हाताला असतो, काहींत डाव्या, आणि कित्येक जण आपल्या सवयीने बदलूनही घेतात. सवयीने मागचा समजून पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. डिस्क ब्रेक असतील तर पहिल्या दोन-तीन दाबांत पकड किती आहे ते अजमावा. पायडल क्लिपचे असतील तर साध्या बुटांनी पाय घसरतो. आणि फिक्स्ड गिअरची असेल तर पायडल थांबतच नाहीत. हे माहीत नसलेल्या माणसाने वळणावर पाय थांबवले तर पायडल त्याला उचलून टाकतो. अशी सायकल देताना तोंडी बजावून सांगा.

सीट वरखाली करण्याआधी सीटपोस्टवर फ्रेमच्या कडेला चिकटपट्टीचा एक वेढा द्या. परत करताना अचूक जागी बसवता येते. पोस्टवर ‘इथपर्यंत आत हवी’ अशी रेघ असते, ती बाहेर दिसेल इतकी वर काढू नका. कार्बनच्या पोस्टचा बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नका, त्यापेक्षा सीट आहे तशी ठेवून छोटीच चक्कर मारा.

१७. एका फेरीसाठी मित्राची चाकं माझ्या सायकलीला लावली तर चालतील?

कधी चालतात, बऱ्याचदा नाही. आधी आस जुळायला हवा. जुन्या पद्धतीच्या क्विक रिलीजच्या (दांडा मिटवून चाक पक्कं करायच्या) रोड सायकलीत पुढे १०० आणि मागे १३० मिलिमीटर, डोंगरी सायकलीत मागे १३५. आरपार जाणारा आस असेल तर रोडला साधारण १२ बाय १०० आणि १२ बाय १४२, बूस्टच्या (जास्त रुंद आसाच्या) डोंगरी सायकलींत १५ बाय ११० आणि १२ बाय १४८.

मग कॅसेट ज्यावर बसते तो फ्रीहब. शिमॅनो, कॅम्पॅग्नोलो आणि स्रॅमच्या एक्सडी यांचे खाचे वेगळे. शिमॅनोच्या ११ स्पीड रोड फ्रीहबवर १० स्पीडची कॅसेट बसवायची तर मागे १.८५ मिलिमीटरची चकती घालावी लागते, नाहीतर कॅसेट हलते. डिस्क असेल तर रोटरचा (ब्रेकच्या तबकडीचा) व्यास तोच हवा, आणि तो असूनही कॅलिपर (तबकडी पकडणारा भाग) पुन्हा मधोमध आणावा लागतो. रिम ब्रेक असेल तर रिमच्या रुंदीप्रमाणे ब्रेक जुळवा. कार्बन रिमला अॅल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले ब्रेकचे रबर लावू नका, त्यात धातूचे कण रुतलेले असतात.

आणि एक बारीक सूचना: हायड्रॉलिक डिस्कचं चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही. पिस्टन पुढे सरकतात आणि रोटर आत जात नाही. पंक्चरच्या वेळी ट्यूब उसनी घेताना व्हॉल्व्ह तपासा. रिमचं भोक बारीक प्रेस्टाचं असेल तर जाड श्रेडर व्हॉल्व्ह त्यात शिरत नाही. ट्यूबचा व्यास प्रश्न ८ प्रमाणे.

१८. कार्बनच्या फ्रेमवर रेघ दिसते. फोटो पाठवला तर तडा आहे का सांगाल?

नाही, आणि फोटो बघून ‘काही नाही, रंगच आहे’ असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. रंगाचा ओरखडा आणि आतल्या थरांची फाटाफूट फोटोत एकसारखी दिसते. उलटही होतं: वर काहीच दिसत नाही आणि आत थर सुटलेले असतात. नाण्याने हलकेच टकटक करत गेल्यावर एका जागी आवाज एकदम बोदा झाला तर संशय बळावतो, पण आवाज बदलला नाही म्हणून फ्रेम धड आहे असं ठरत नाही. कार्बनची दुरुस्ती करणाऱ्याकडे प्रत्यक्ष दाखवा. रेघ चिमट्यावर, स्टेमवर किंवा हँडलवर असेल तर तोवर सायकल चालवू नका, दोनशे मीटरसुद्धा नाही.

१९. जुनी सायकल मिळाली आहे, एकही स्टिकर नाही. कुठल्या सालची ते कसं काढू?

सुट्या भागांवरून. शिमॅनोच्या जुन्या भागांवर दोन अक्षरी खूण कोरलेली असते: पहिलं अक्षर सालाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे १९७६ पासून सुरुवात, ‘झेड’ला २००१, आणि २००२ ला पुन्हा ‘ए’. म्हणजे ‘आर-डी’ असेल तर एप्रिल १९९३ किंवा एप्रिल २०१९. कोणतं ते भागाच्या घडणीवरून सहज कळतं. एकाच भागावर जाऊ नका, तो नंतर बदललेला असू शकतो. तीन-चार भागांच्या खुणा एका सालाभोवती जमल्या की ते साल धरा.

खुणा नसतील तर मागच्या चिमट्याच्या आतली रुंदी मोजा. रोड सायकलीत १२० मिलिमीटर म्हणजे मागे पाच चकत्यांचा काळ, १२६ म्हणजे सहा-सातचा, १३० म्हणजे त्यानंतरचा. गिअरचे दांडे खालच्या नळीवर आहेत की ब्रेक लिव्हरमध्येच, हेही पाहा; शिमॅनोने ब्रेक लिव्हरमधले गिअर १९९० मध्ये आणले. ‘रेनॉल्ड्स ५३१’ एवढ्यावरून साल ठरत नाही, त्या नळ्या १९३५ पासून बनत आल्या आहेत.

२०. फ्रेम सोडून सगळं बदललं. तरी तीच सायकल का? आणि फ्रेमच बदलली तर?

सायकलवाल्यांत रीत अशी आहे की फ्रेम म्हणजे सायकल. चाकं, गिअर, हँडल सगळं बदललं तरी तीच. अनुक्रमांकही फ्रेमवरच असतो. फ्रेम तुटून कंपनीने नवी दिली आणि जुने भाग तिच्यावर चढवले, तर ती नवी सायकल: अनुक्रमांक नवा, मापं कदाचित थोडी वेगळी, आणि विमा असेल तर कळवावं लागतं. किलोमीटर सांगताना भाग वेगळे ठेवा. ‘वीस हजार किलोमीटर झाले’ हे फ्रेमचे असतील, पण चेन त्यातल्या शेवटच्या दोन हजारांचीच असेल, आणि विचारणाऱ्याला नेमकं चेनबद्दलच जाणून घ्यायचं असतं.

२१. कुणी हौसेने नवी सायकल दाखवली आणि फोटोत काहीतरी धोकादायक दिसलं तर? चारचौघांत बोलायचं का?

आवडीनिवडीबद्दल असेल तर विचारल्याशिवाय बोलू नये. रंग, सीटचा कोन, हँडलची पट्टी ही त्याची निवड. पण सुरक्षेचं असेल तर लगेच बोला. शक्य असेल तर थेट त्या माणसाशी, तो लगेच सापडत नसेल तर सगळ्यांसमोर, पण बोलाच.

फोटोत तीन गोष्टी नेहमी सापडतात. एक, खोक्यातून आलेल्या सायकलीचा चिमटा उलटा बसवलेला: त्याचा बाक मागे, ब्रेक आतल्या बाजूला. अशी सायकल वळताना बुटाचं टोक चाकाला लागतं आणि हाताळणी बिघडते. दोन, क्विक रिलीजचा दांडा नटासारखा फिरवून घट्ट केलेला. तो फिरवून नाही, मिटवून बंद होतो. मिटवताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे. तीन, स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल आणि फक्त वरचा आवळलेला. वरचा बोल्ट बेअरिंगवर ताण देण्यापुरता असतो, हँडल धरून ठेवतात ते बाजूचे.

‘चिमटा उलटा आहे’ एवढंच लिहून सोडू नका. ‘छान रंग आहे ताई. एक विनंती, आज ती चालवू नका: पुढचा चिमटा उलटा बसलाय, ब्रेक पुढच्या बाजूला यायला हवा. हँडल सोडवून चिमटा अर्धा फिरवायचा आहे; जमत नसेल तर सांगा, येऊन करून देतो’ असं लिहा.